नांदेडचं प्रस्थान

"चहाची पुडी द्या काका, बारकी," म्हणत सत्यभामा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली, तेव्हा मन्मथप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा रोखूनच पाहिलं. सकाळपासूनची ही तिसरी पुडी. तिच्या बापाच्या, गहिनीनाथाच्या घरी आज अख्ख्या केजला चहा पाजायचा बेत आहे की काय, असं विचारावंसं त्यांना वाटलं असणार; पण गिऱ्हाइकाला कारण विचारायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला जुना नेम. त्यांनी पुडी काढून दिली आणि मागं वळून लेकीला हाक मारली, "कावेरी, ये भाईर. सत्यभामा आलीय. चहा काय तिला प्यायचा न्हाई."

कावेरी डाळ निवडत होती, ती तशीच सूप ठेवून उठली. दुकानाच्या बाजूला तेलाच्या रिकाम्या डब्यांची रास होती. तिच्या आडोशाला दोघी उभ्या राहिल्या.

"काय ठरलं?" सत्यभामेनं विचारलं.

"अजून काईच न्हाई."

"आज मंगळवार हाय, कावेरे. शनिवारी नांदेडचं ॲडमिशन बंद हुतंय."

"मला म्हाईत न्हाई का?"

"म्हाईत हाय तर मग बोल की घरी! तू पुण्याला गेलीस तर नांदेडला माझा नंबर हाय. न्हाई गेलीस तर रविवारी धारूरची माणसं येतेत सुपारी फोडायला. बाबांनी साफ सांगितलंय. नंबर लागला तर खुशाल जा, न्हाई लागला तर गुमान बोहल्यावर चढ." सत्यभामेनं हातातली पुडी चुरगाळली. "तुझ्या पाया पडू का? सांग, इथंच पडते."

"येड्यावानी करू नको," कावेरी म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. सत्यभामा पुडी घेऊन निघून गेली.

दोघी केजच्याच कॉलेजात एका बाकावर बसून गणितात पदवीधर झाल्या होत्या. पुढं संख्याशास्त्र शिकायचं हेही दोघींनी मिळूनच ठरवलं होतं. औरंगाबादला दोघींचा नंबर लागला नाही. नांदेडला तेव्हा नवीन विद्यापीठ निघालं होतं, तिथं कावेरीचं नाव आत आलं आणि सत्यभामेचं उंबऱ्यावर राहिलं. आतली एक मुलगी गळाली की पहिली तीच. पुण्याची प्रवेश परीक्षा एकट्या कावेरीनं दिली, कारण गहिनीनाथानं पोरीला पुण्याला पाठवायचं नावच काढू दिलं नव्हतं. आणि कावेरी तिथंही लागली. एकाच पोरीला दोन विद्यापीठं बोलावतात म्हटल्यावर केजच्या बाजाराला तो आठवडा बोलायला दुसरा विषय उरला नाही. साखर घ्यायला आलेला माणूस पुण्याच्या बाजूनं बोले, तेल घ्यायला आलेला नांदेडच्या. कुणी म्हणे पुण्याला आता कंप्युटरच्या कंपन्या यायल्यात, नोकरी दारात येते. कुणी म्हणे पुण्याला गेलेली पोरगी घरची राहत नाही. ज्यांची मुलं दहावीला तीनतीनदा बसली होती तेही सल्ला देऊन गेले.

मन्मथप्पांचं मात्र ठरलेलं होतं. नांदेडला कावेरीचा सख्खा मामा होता, लिंगायत गल्लीत त्याचं घर होतं, सोमवारी बेल मिळत होता. पुण्यात काय होतं?

आणि कावेरीला काय हवं होतं? हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं नसतं. खरं असं होतं, की तिलाही नांदेडच हवं होतं. परीक्षेला ती अप्पांबरोबर पुण्याला गेली तेव्हा ती पार बुजून गेली होती. तिथं मुली एकमेकींशीसुद्धा इंग्रजीत बोलत होत्या. एकीला तिनं पाण्याचा नळ कुठं आहे ते विचारलं, तर ती "सॉरी?" म्हणून थांबली, कावेरीनं पुन्हा विचारलं, तरी तिला कळेना. कावेरी तशीच तहानलेली जाऊन पेपर लिहून आली. अप्पा दिवसभर एका झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसून होते. लेकीच्या आधी आपण कसं खावं म्हणून त्यांनी डबा उघडलाही नव्हता. त्या दिवशी परत येताना तिनं देवाला हात जोडून सांगितलं होतं की पुण्याचं जमू देऊ नको. देवानं ऐकलं नाही. आता सत्यभामेसाठी पुणं मागायचं, म्हणजे ज्याची भीती वाटते तेच बापाशी भांडून मागून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला.

"अप्पा, मी पुण्याला जाऊ का?"

मन्मथप्पांचा घास हातात राहिला. "कावून? नांदेडला काय धाड भरलीय?"

"तिथं मी न्हाई गेले तर सत्यभामाचा नंबर लागतोय."

"आन् तू पुण्यात कुणाकडं ऱ्हाशील?"

"हॉस्टेल हाय की."

"हॉस्टेल म्हंजे घर हाय का? आजारी पडलीस तर कोण बघंल? लई लाडाची मैत्रीण हाय, कबूल. पर दुसऱ्याच्या पोरीसाठी माझी पोरगी मी परमुलखात टाकू का?" त्यांनी बायकोकडं पाहिलं. "सांग की गं तू हिला."

शिवकांतानं भाकरी उलटली. ती बोलायची कमी. "तिला पुण्याची भ्या वाटत असंल तर नगं," एवढंच ती म्हणाली, आणि कावेरीनं चटकन मान खाली घातली. आईला सगळं दिसतं, पाठ वळलेली असताना तर जास्तच दिसतं, असं तिला वाटलं.

बुधवारी मन्मथप्पांनी केदारनाथ स्वामींना घरी बोलावलं. अंगावर शिवलिंग असलेल्याला मुहूर्त कशाला लागतो, असं मठातले महाराज दरवर्षी सांगत. मन्मथप्पा पुढं बसून मान डोलवत आणि घरी आले की पंचांग काढत. केदारनाथ स्वामी हे गावातले जंगम, म्हणजे त्यांच्या समाजाचे गुरू. त्यांनी पाय धुतले, चहा घेतला आणि बोटं मोजली. शुक्रवारी अमावास्या. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ, आणि नांदेड तर पूर्वेलाच. गुरुवारची सकाळ चांगली, पण दोन दिवस आधी जाऊन पोरगी मामाच्या दारात काय करणार, मामा तर गावाला गेलेला, शुक्रवारी येणार.

"मग उद्या प्रस्थान ठिवा," स्वामी म्हणाले. "काई अडचण न्हाई."

प्रस्थान म्हणजे असं. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असेल, तर माणसाऐवजी आधी त्याचं गाठोडं निघतं. अंगावरचं एखादं वापरातलं वस्त्र, हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ एका फडक्यात बांधायचे आणि जायच्या दिशेला जे ओळखीचं घर असेल तिथं नेऊन ठेवायचं. मग प्रत्यक्ष निघालं की जाता जाता ते उचलायचं. एकदा ठेवलं की तो माणूस निघाला असं धरतात. ठेवलेलं गाठोडं परत आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं तर काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आणायची हिंमत कुणी केलीच नव्हती. आणि ज्याच्या घरी ठेवायचं त्यानं नाही म्हणायचं नसतं. वैऱ्याचं असलं तरी घ्यायचं असतं.

त्या बुधवारी सत्यभामा एकदाही दुकानावर आली नाही. कावेरी दिवसभर रस्त्याकडं बघत होती. काल तिसरी पुडी न्यायला आली तेव्हा तिच्या मनात काहीतरी आशा होती. आज तिला चहा नको होता, साखर नको होती, काहीच नको होतं. कावेरीला दुपारचं जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी शिवकांतानं गाठोडं बांधलं. कावेरीची निळी ओढणी, हळकुंड, सुपारी, तांदूळ. गाठीला कुंकू लावून ते तिनं लेकीच्या हातात दिलं.

"राधाकिशनकाकाच्या घरी ठिव," मन्मथप्पा गादीवरूनच म्हणाले. राधाकिशनचं घर अंबाजोगाई रस्त्याला, म्हणजे गावाच्या पूर्व टोकाला. "नऊच्या आत ठिव. आन् मागं वळून बघू नको."

कावेरी निघाली. चौकात आली आणि तिथंच थांबली. उजव्या हाताला अंबाजोगाई रस्ता, डाव्या हाताला बीडचा. बीड रस्त्यानं गेलं की नाक्यापाशी गहिनीनाथाचं घर होतं, आणि त्याच्यापुढं बीड, नगर, पुणं. बाजार उघडत होता. कुणीतरी दुकानाबाहेर शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकवत होतं. कावेरीला वाटलं, इथंच बसावं आणि कुणीतरी येऊन आपल्याला उचलून न्यावं, कुठंही. नांदेडला मामा होता, मामी होती, तिथं पाण्याचा नळ विचारला तर सांगणारी माणसं होती. एवढं चांगलं सोडायचं म्हणजे मूर्खपणाच, हे तिला कळत होतं. पण एकदा नांदेडला गेलं की पुढं जन्मभर सत्यभामेसमोर उभं कसं राहायचं, हे तिला कळत नव्हतं.

मग ती डावीकडं वळली. एकदा वळल्यावर मात्र ती जवळजवळ पळतच सुटली.

गहिनीनाथाच्या अंगणात सत्यभामा सारवत होती. रविवारी पाहुणे येणार म्हणून अंगण, ओटा, भिंतीचा खालचा पट्टा असं सगळं सारवायला काढलं होतं. तिची आई दगडाबाई ओट्यावर बसून तूर पाखडत होती.

"मावशी," कावेरीला धाप लागली होती, "प्रस्थान हाय. पुण्याचं. तुमच्याकडं ठिवा."

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं, हात धुतले, पदर पसरून गाठोडं घेतलं आणि भिंतीतल्या देवळीत नेऊन ठेवलं. पुण्याचं म्हणजे काय हे तिच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. सत्यभामेच्या मात्र आलं. ती शेणानं भरलेले दोन्ही हात पुढं धरून तशीच उभी राहिली.

"खरं?"

"खरं."

"आप्पा हो म्हणले?"

"त्यान्ला अजून म्हाईतच न्हाई."

सत्यभामा रडली नाही की गळ्यात पडली नाही. तिनं हात धुतले आणि घरात घुसली. "आई, माझी कॉलेजची ओढणी कुठं हाय? हळकुंड दे. सुपारी दे." तिला तांदूळ सापडेनात. तिनं कणगीतून मूठभर ज्वारी घेतली.

"अगं, तांदूळ असतेत त्यात," दगडाबाई म्हणाली.

"तांदूळ हुडकत बसू का आता? येळ टळायलीय!"

तिनं फडक्याला गाठ मारली आणि ती कावेरीच्याही पुढं पळत सुटली. तिच्या घरापासून पूर्वेला ओळखीचं घर म्हणजे मन्मथप्पांचंच. तिला दुसरं कुठलं घर सुचणारही नव्हतं.

मन्मथप्पा गूळ फोडत होते. सत्यभामा पायरीवर उभी राहिली आणि गाठोडं तिनं दोन्ही हातांनी पुढं केलं. "काका, प्रस्थान हाय. नांदेडचं."

त्यांनी हात पुसले, गाठोडं कपाळाला लावलं आणि गादीच्या मागच्या देवळीत महादेवाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. पोर नांदेडला निघाली याचा त्यांना चांगलाच आनंद झाला. "लागला का गं नंबर तुझा?"

"आत्ताच लागला काका!" म्हणून ती पळाली.

मन्मथप्पांनी हातोडी उचलली आणि ती तशीच हातात राहिली. पोरीचा नंबर आत्ताच लागला म्हणजे कसा लागला, हे गुळाच्या ढेपेकडं बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वर पाहिलं तर पायरीवर कावेरी उभी होती.

"तुझं कुठं ठिवलंस?"

"बीड नाक्याला."

ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी बाजारच्या ऐन वेळी दुकानाची फळी लावली, चपला घातल्या आणि बीड नाक्याच्या दिशेनं निघून गेले. बऱ्याच वेळानं परत आले ते रिकाम्या हातानं. शिवकांता दारात उभी होती.

"आणायला गेलतो," ते तिला म्हणाले. "दारापातुर गेलो. दगडाबाई म्हणली, या आप्पा, बसा. मी पाणी पिऊन आलो." मग कावेरीकडं न बघता म्हणाले, "मला इचारलं न्हाईस तू. एवढंच लागलं मला."

कावेरीला तेव्हा रडू आलं. मन्मथप्पा पुन्हा बाहेर पडले. स्टँडजवळ बंकटचं एसटीडीचं बूथ होतं, तिथं जाऊन त्यांनी नांदेडला फोन लावला, आपली मुलगी येत नाही असं सांगितलं आणि पुढच्या मुलीचं नाव स्वतःच सांगितलं. ती शनिवारी हजर होईल, तिची जागा कुणाला देऊ नका, असंही बजावलं. बंकटनं बूथच्या काचेतून सगळं ऐकलं, त्यामुळं दुपारपर्यंत ते सगळ्या बाजाराला कळलं. आणि संध्याकाळी, धारूरहून परत येताना, गहिनीनाथाला कळलं.

शुक्रवारी दुपारी गहिनीनाथ दुकानासमोर येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, टोपी, बाजार समितीच्या निवडणुकीत पडला असला तरी निवडून आल्यासारखा चालणारा माणूस. कावेरी आतल्या दारापाशी पुण्याला न्यायची थैली भरत होती.

"राम राम आप्पा. पोरीचं गाठोडं ठिवलंय म्हणं तुमच्यात. न्यायला आलतो."

मन्मथप्पांनी तराजू खाली ठेवला. "कावून?"

"काल राती सुपारी फोडली. कळलं तसा मागं फिरलो आन् धारूरच्या पावण्यान्ला गाडीत घालून आणलं." तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "आता तुमाला खरं सांगू का? नंबर लागायचाच न्हाई म्हणून मी हो म्हणलतो. मला काय म्हाईत तुमची कावेरी मधीच असं करंल. शबूद दिलेला हाय मी तिकडं."

"काका," कावेरी पुढं आली, तिचा आवाज फाटला, "पोरीला बी शबूद दिलता की तुमी! नंबर लागलाय तिचा. अप्पांनी फोन केलाय तिथं."

"लागला हे बरंच झालं की, बाई. पावण्यान्ला सांगितलं मी, नांदेडच्या विद्यापीठात नंबर लागलेली पोरगी हाय म्हणून. त्यायला लई बरं वाटलं." मग तो मन्मथप्पांकडं वळला. "घरात तिची आई रडायलीय. प्रस्थान भाईर आन् पोरगी घरात, लग्नाच्या तोंडावर लई वंगाळ म्हणते. तेवढं द्या, म्हंजे आमचा जीव भांड्यात पडंल."

मन्मथप्पा उठून उभे राहिले. गिऱ्हाइकासमोर ते कधी उभे राहत नसत, गुडघे दुखत म्हणून.

"मला देता येत न्हाई, गहिनीनाथराव."

"आं?"

"ज्यानं ठिवलं त्यानंच उचलायचं, तेबी जाताना. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतंय. सत्यभामाला पाठवा. नांदेडची गाडी स्टँडवर उभी करून पाठवा. मी माझ्या हातानं देतो."

गहिनीनाथाचा चेहरा लाल झाला. देवळी त्याच्या समोरच होती. पण मध्ये गादी होती, पायांत चपला होत्या, आणि देवाच्या तसबिरीशेजारी हात घालायचा तर सगळा बाजार बघत होता. तो उपरणं झटकून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. एका फडक्यानं काय हुतंय?" आणि गेला.

कावेरी खालीच बसली. आपण काय केलं ते तिला आता पुरतं कळलं. नांदेड गेलं. नंबर लागलाच नसता तर गहिनीनाथ रविवारपर्यंत तरी थांबला असता; आपण तो लावून दिला म्हणून त्यानं घाई केली. जिच्यासाठी सगळं सोडलं, तिचंच आपल्या हातानं लवकर संपवलं. तिनं बापाच्या पायाला हात लावला. "अप्पा, नांदेडला परत फोन करा. पाया पडते. मला पुण्याला न्हाई जायचं. मला तिथं भ्या वाटते. मला आधीपासूनच वाटत होती."

मन्मथप्पा तिच्याजवळ गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले.

"तुझं गाठोडं पश्चिमेला हाय, बाई."

"गाठोड्याचं काय घेऊन बसलाव अप्पा!"

"मग काय घेऊन बसू?" ते म्हणाले. "त्या पोरीचं तर फुकट गेलं. आता तुझंबी मीच फुकट घालवू का? मला भ्या न्हाई वाटत व्हय? ऊठ. तोंड धू. दिवेलागणीची गाडी हाय."

पुण्याची गाडी केजच्या स्टँडवरून सुटली आणि बीड नाक्यापाशी आली, तेव्हा मन्मथप्पा पुढं जाऊन कंडक्टरला म्हणाले, "जरा थांबवा साहेब. पोरीचं प्रस्थान उचलायचं हाय." कंडक्टरनं काही न विचारता घंटी मारली.

सत्यभामा रस्त्याच्या कडेलाच उभी होती, हातात निळ्या ओढणीचं गाठोडं घेऊन. तिच्या कपाळावर कालचं कुंकू होतं, मळवटासारखं मोठं. मागं ओट्यावर दगडाबाई उभी होती.

"घे," सत्यभामा म्हणाली.

"सत्ये, माझ्यामुळं…"

"काई बोलू नको. मी बोलले तर मला घरात जाता यायचं न्हाई." तिनं गाठोडं कावेरीच्या हातात दाबलं आणि हात लगेच मागं घेतले. "बाबा माझं न्यायला आलते का?"

"आलते. अप्पांनी दिलं न्हाई."

सत्यभामेचा चेहरा एकदम उघडल्यासारखा झाला, आणि पुन्हा मिटला. "बरं केलं," ती म्हणाली. "देऊ नका म्हणावं." कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलल्यावर ती मागं वळून घरात गेली. रस्त्याकडं बघत उभी राहिली नाही.

कावेरी पुण्यात शिकली. पहिलं वर्ष तिनं रडत काढलं आणि दुसरं अभ्यास करत. इंग्रजी तिला आलं तेवढं आलं. पुढं ती एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागली, तिथंच तिचं लग्न झालं. तिच्या आयुष्यात पेपरात छापून यावं असं काही घडलं नाही. दर दिवाळीला ती केजला येई आणि अप्पांना बरं वाटावं म्हणून दुकानात थोडा वेळ बसे.

दुकानात एवढ्या वर्षांत पुष्कळ बदललं. काचेची कपाटं आली, थंड पेयांचा फ्रिज आला, देवळीशेजारी कुठल्याशा मोबाइल कंपनीची पाटी लागली. देवळीतलं गाठोडं तेवढं होतं तिथंच होतं. दर दिवाळीच्या साफसफाईला मन्मथप्पा ते दोन्ही हातांनी उचलत, खालची धूळ पुसत आणि परत ठेवत. वरचं फडकं विरायला लागलं तेव्हा शिवकांतानं गाठ न सोडता वरून दुसरं बांधलं. आत मूठभर ज्वारी होती, आणि ज्वारीला सोंडेकिडे लागले की तिचं काय होतं, हे किराणा दुकानदाराला कुणी सांगायला नको. पण ते कधी त्यावर बोलले नाहीत.

एका भाऊबीजेला कावेरी गादीवर बसली असताना पायरीशी कुणीतरी उभं राहिलं. सत्यभामा होती. अंगानं भरलेली, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. माहेरी आली की ती दुकानावर येऊन जाते, हे कावेरीला आईकडून कळलं होतं. पण दोघींची गाठ अशी पडली नव्हती. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

"चहाची पुडी द्या काका," सत्यभामा म्हणाली. "बारकी."

मन्मथप्पांनी पुडी काढली. द्यायच्या आधी त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, आणि जणू रोजचंच विचारतोय अशा आवाजात विचारलं, "निघालीस का गं?"

सत्यभामेची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं देवळीकडं गेली आणि तिथं क्षणभर थांबली.

"न्हाई काका," ती म्हणाली. "अजून न्हाई."

"बरं. हाय इथं."

तिनं पुडी पिशवीत टाकली, पदर नीट केला आणि बीड नाक्याच्या रस्त्याला लागली. मन्मथप्पा पुढच्या गिऱ्हाइकाची साखर तोलायला वळले.